उघाडीचे दीडशे फेरे

नूतनने मासळी तोलायच्या काट्याचा हूक लोखंडी चाकाच्या कडेला अडकवला आणि काट्याची वरची कडी वडिलांच्या हातात दिली.

“हळू ओढा, बाबा. झटका नको. चाक सुटलं की तिथेच थांबा.”

दयारामने डाव्या हाताने ओढ घेतली. उजवा खांदा दोन वर्षांपासून कामातून गेला होता. तो हात त्याने सदऱ्याच्या खिशात घालून ठेवला होता. काट्याचा बाण दहावर गेला, बारावर गेला, पंधरावर थरथरला आणि चाक किरकिरत बोटभर फिरलं. खाली चिखलात बसलेली झडप हलल्याचा जड आवाज आला. तिवरांत बसलेला एक बगळा उडाला.

“पंधरा,” नूतन म्हणाली आणि तिने वहीत आकडा लिहिला. आणखी दोनदा ओढायला लावून तिने खात्री करून घेतली. मग टेप लावून चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजलं. चाळीस सेंटिमीटर.

खाडीला ओहोटी होती. बांधाच्या बाहेर नुसता काळा चिखल चमकत होता आणि आतल्या बाजूला कापणी झालेल्या भातशेतीत वालाचे हिरवे पट्टे दिसत होते. त्या दोन्हींच्या मधे ही उघाडी. भरतीला खाली टाकायची, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरत नाही. पावसाळ्यात ओहोटी लागली की वर उचलायची, म्हणजे शेतात तुंबलेलं गोडं पाणी खाडीत निघून जातं. झडपेला आट्यांचा लांब दांडा होता आणि दांड्यावर हे चाक. दयारामने ते अडतीस वर्षं फिरवलं होतं. आता गावाने तिथे गिअर मोटर बसवायचं ठरवलं होतं, आणि तळोज्याच्या कारखान्यात गिअरबॉक्सची गणितं करणारी गावातली मुलगी म्हणून गावची कामं बघणाऱ्या गणराजने नूतनला फोन केला होता. एक एचपीची मोटर मंजूर झालीच आहे, तू फक्त बघून घे आणि सही कर, असं तो म्हणाला होता.

“पंधरा किलोची ओढ, मधल्या दांड्यापासून चाळीस सेंटिमीटरवर,” नूतन वहीतून मान वर न करता म्हणाली. “दोन्हींचा गुणाकार केला की पीळ मिळतो. आम्ही टॉर्क म्हणतो त्याला. साठच्या आसपास येतोय.”

“पाना लांब घेतला का नट लवकर सुटतो, त्येच ना?”

“तेच.”

“नली लावून बगितली व्हती मी चाकाला,” दयारामने दोन्ही बाजूंच्या दगडी खांबांकडे बोट केलं. “भिंतीला आपटते. ह्याच्यापरास मोठं चाक हितं फिरतच न्हाय.”

नूतनने तेही लिहून घेतलं.

परत येताना ती बांधावरून वडिलांच्या मागून चालत होती. अशीच ती चालायची, आठ-नऊ वर्षांची असताना, आणि तिच्या मागे केसर. मोरूकाकाची केसर तिच्याच वर्गात होती. सुट्टीच्या दिवशी दोघी उघाडीवर यायच्या, खांबावर पाय सोडून बसायच्या आणि चाकाचे फेरे मोजायच्या. झडप पुरती वर यायला दीडशे फेरे लागत. नूतनचे नेहमी दीडशे भरायचे, केसरचे एकशे अठ्ठेचाळीस, आणि मग भांडण. दयाराम घामाघूम होऊन चाकाला टेकायचा आणि म्हणायचा, दोगी बरोबर, आता गप बसा. मग तो त्यांना भरतीचा हिशोब शिकवायचा. आजची तिथी कोणती? पंचमी. पाचाला पाऊणपट केलं की पावणेचार, पावणेचारला भरती भरणार. नूतनला पुढे पॉलिटेक्निकला जी गणितं पडली त्यातलं एकही तिला इतकं देखणं वाटलं नव्हतं. आभाळातला चंद्र आणि शेतातलं पाणी एका पाऊणकीच्या पाढ्यात बसत होतं.

केसर मात्र दहावीनंतर अचानक नाहीशी झाली. गाव सोडून नाही, गावातच राहून. त्या वर्षी ऐन दाणे भरायच्या वेळी कुणीतरी उधाणाच्या भरतीला उघाडी वीतभर उचलून ठेवली आणि चाळीस घरांचं भात खाऱ्या पाण्याने जळालं. मोरूच्या घरामागे जिताडा माशांचा तलाव होता, आणि जिताड्याची पिल्लं खाऱ्या पाण्याबरोबर आत येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. गणराजचे वडील नामा पाटील तेव्हा गावकीचा कारभार बघत. बैठक बसली आणि मोरूचं घर वाळीत टाकायचं, त्या घराशी कोणी बोलायचं नाही, त्यांच्या कामाला कोणी जायचं नाही, असं ठरलं. जो बोलेल त्यालाही तोच न्याय. नूतनला घरून निराळं काही सांगावं लागलं नाही. विहिरीवर केसर समोर आली आणि नूतनने कळशीत बघितलं, एवढंच. ती कळशी तिला कितीतरी वर्षं आठवत राहिली.

दुपारी ओटीवर बसून तिने हिशोब मांडला. आजचे साठ ही सोपी गोष्ट होती. आज झडपेच्या दोन्ही बाजूंना पाणी नव्हतं. मोटर घ्यायची ती आजच्यासाठी नाही, सगळ्यात वाईट दिवसासाठी. आणि तसा दिवस गावाने एकच बघितला होता, वीस वर्षांपूर्वीच्या आषाढातला. आदल्या दिवशी आभाळ फाटलं होतं, सगळा खारेपाट पाण्याखाली होता. बांध आतून फुगला होता आणि एका जागी पाझरायला लागला होता. तो फुटला असता तर पुढच्या भरतीला खाडी घरांपर्यंत आली असती आणि जमीन चार-पाच वर्षं खारट राहिली असती. षष्ठी होती. म्हणजे साडेचारला भरती आणि सकाळी साडेदहाला पुरती ओहोटी. त्या दोन-अडीच तासांत उघाडी उचलली तरच पाणी निघणार होतं. दयारामने ती उचलली. एकट्याने. पुढच्या गणपतीत देवळात नामा पाटलांनी त्याच्या अंगावर शाल घातली. नूतन त्या वेळी पेणला वसतिगृहात होती. ती हे सगळं ऐकूनच वाढली. एकट्यानं उघडली, असं म्हटलं की काय उघडली ते गावात कोणाला विचारावं लागत नसे.

“त्या दिवशी आतलं पाणी कुठपर्यंत होतं, बाबा?”

“खांबाची वरची कडी बुडली व्हती.”

म्हणजे दोन मीटर. झडप सव्वा मीटर रुंद, दीड मीटर उंच. तिने दाब काढला. सव्वादोन टन पाणी झडपेला खाचेवर दाबून धरत होतं. गंजलेल्या खाचेतलं घर्षण, झडपेचं स्वतःचं वजन, आट्यांमधलं घासणं. चाकावरचा पीळ एकशे साठ आला. मग तिने गणराजची मोटर घेतली. मोटर मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे फिरते, पण तिचा स्वतःचा पीळ जेमतेम पाच. गिअरबॉक्सने तिला चाळीसपट हळू केलं की पीळ चाळीसपट होतो, दोनशे. त्यातले तीस टक्के दातांच्या घासण्यात जातात. उरले एकशे चाळीस. वीस कमी. त्या दिवशी ही मोटर चाकाला अडून राहिली असती आणि जळाली असती.

इथवर ती रोजचंच काम करत होती. मग सहज, हाताला सवय होती म्हणून, तिने एकशे साठला उलट भागलं. चाकाच्या कडेला किती किलोची ओढ? एक्केचाळीस.

तिने पेन्सिल खाली ठेवली. आतून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. एक्केचाळीस किलोची ओढ आणि असे दीडशे फेरे. धडधाकट माणूस दहा फेरे काढेल, फार तर पंधरा. तिने घर्षण कमी धरून बघितलं. गंज नाही, ग्रीस नवं, असं मानलं तरी एकशे वीसच्या खाली आकडा उतरेना. तीस किलो. तेही एका माणसाचं काम नव्हतं.

दयाराम पायरीवर बसून सुपारी कातरत होता. तिने वही त्याच्यापुढे नेली नाही. नुसतं म्हणाली, की माझा आकडा कुठेतरी चुकतोय, तुम्ही सांगता त्याच्याशी जुळत नाही. एकट्या माणसाला हे जमणारं नाही.

“चुकला असंल,” दयाराम म्हणाला. “कागदावं काय.”

“चुकला असेल तर गणराजची मोटर पुरेल. मी सही करून टाकते. बरोबर असेल तर दोन एचपीची लागेल. ती सध्याच्या मंजुरीत बसत नाही, नवीन अर्ज करावा लागेल आणि हा पावसाळा मोटरीशिवाय जाईल. म्हणून विचारते.”

सुपारी कातरणं थांबलं. अडकित्ता मिटून त्याने चंचीत ठेवला, चंचीची नाडी ओढली आणि उठून वालाच्या शेताकडे निघून गेला. ठमीने आतून येऊन रिकाम्या पायरीकडे आणि मग लेकीकडे बघितलं. वहीवर पसरलेले कागद तिने पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून तांब्या ठेवून दाबले, आणि नूतनला वाटलं, आईला ठाऊक आहे.

उन्हं कलल्यावर नूतन शेतात गेली. दयाराम बांधावर बसून शेंगा तोडत होता. तीही बसली, तोडायला लागली. ओंजळ भरली. मग त्याने जे सांगितलं ते एका दमात नाही, शेंगेमागून शेंग पडावी तसं सांगितलं.

त्या सकाळी त्याने चाकाला हात घातला तेव्हा चाक जागचं हललं नव्हतं. लोक बांधाच्या दुसऱ्या टोकाला होते, पाझर लागलेल्या जागी मातीच्या गोणी टाकत होते. हाका मारून उपयोग नव्हता, पावसात ऐकू जात नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी, मग छातीने चाक रेटलं. आणि मग समोरच्या बाजूने दोन हात चाकावर आले. मोरू होता. दोन वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. चाक फिरवतानाही बोलले नाहीत. एकाने ओढायचं, दुसऱ्याने रेटायचं. साठ-सत्तर फेऱ्यांनंतर पाणी वाट करून घ्यायला लागलं आणि चाक हलकं झालं, तसा मोरू बाजूला झाला. म्हणाला, माझं नाव घेऊ नको. मी हात लावला असं कळलं तर तुझंही घर बाहेर पडेल, तुला लेकीचं लग्न करायचंय. दयारामने मान हलवली. मोरू आल्या वाटेने निघून गेला आणि उरलेले फेरे दयारामने एकट्याने काढले.

“आनी पुढच्या वर्षी त्यानं गाव सोडलं,” दयाराम म्हणाला. “तुजं लगीन झालं. वालीत टाकनं बी इसरले लोक, आता कोन असलं मानत न्हाय. तवा सांगता आलं असतं मना. दर वर्षाला वाटायचं, औंदा सांगू.” त्याने हातातली शेंग मोडली. “शाल पांगरलेली हाय ना, बाय. ती काडायची कशी ते समजत न्हाय मानसाला.”

नूतनने शेंगा पदरातून टोपलीत ओतल्या. आपणही त्या वेळी कळशीत बघितलं होतं, हे तिने सांगितलं नाही. तिने विचारलं, की मग आता मी काय लिहू.

“शब्द दिलेला हाय. त्याला इचारल्याबिगर मोडनार न्हाय. आगरदांड्याला असतो, लेकीकडं.”

दयारामला पत्ता ठाऊक होता, हे तिला त्या वेळी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला गाडीत घालून निघाली. ठमीने पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा मागच्या सीटवर ठेवल्या, केसरसाठी म्हणून. चौलच्या नारळी-पोफळींतून, रेवदंड्याचा पूल ओलांडून, समुद्र उजव्या हाताला धरत ती दोघं चालली होती. दयाराम गाडीत फारसा बसायचा नाही. मुरुड जवळ आल्यावर त्याने एकदाच विचारलं, की मोरू ओळखेल ना. नूतन म्हणाली, ओळखेल.

आगरदांड्याच्या धक्क्याजवळ केसरची खानावळ होती. चार टेबलं, फळीवर बरण्या, बाहेर दिघीला जाणाऱ्या फेरीची वाट बघत उभ्या मोटारसायकली. केसर तव्यावर बोंबील टाकत होती. तिने मान वर केली, नूतनला बघितलं आणि झारा हातात तसाच धरून थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “बस. तेल तापलंय, एवढं उलटते.”

तेवढ्यावर वीस-बावीस वर्षं गेली. नूतनने कांद्याच्या माळा टेबलावर ठेवल्या आणि आत जाऊन ती चुलीपाशी उभी राहिली. केसरच्या कानाजवळचे केस पिकले होते. हात मात्र तसेच होते, भराभर चालणारे. तिने बोंबील काढून ताटलीत ठेवले, एक तुकडा मोडून नूतनच्या हातावर ठेवला आणि विचारलं, उघाडी आहे का अजून, चाक फिरतं का.

“मोटर बसतेय,” नूतन म्हणाली. “त्याच्यासाठीच आलोय.”

मोरू मागच्या पडवीत खाटेवर बसून जाळं शिवत होता. वाळला होता, कान थोडे जड झाले होते. दयारामला बघून त्याने जाळं बाजूला केलं आणि खाटेवर जागा करून दिली. दोघं शेजारी बसले. खाडीतून फेरी निघाली, तिच्या भोंग्याकडे दोघांनी बघितलं. बोलणं फार झालं नाही. कोण गेलं, कोण आहे, शेती कोण करतं. दयारामने आपला खांदा दाखवला, मोरूने आपले गुडघे. मग दयारामने नूतनला खूण केली आणि नूतनने मोटरीचं सगळं सांगितलं, आकडे न सांगता. गाव म्हणतं एका माणसाने उघाडी उघडली होती, तर एका माणसाच्या जोराची मोटर पुरे. माझा हिशोब म्हणतो, दोन माणसं होती.

मोरू ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने जाळं पुन्हा मांडीवर घेतलं.

“मी न्हवतो तितं,” तो म्हणाला. “तुज्या बापानंच उघडली. त्येच लिव.”

“मोरू,” दयाराम म्हणाला.

“न्हवतो मी.” मोरूने सुईत दोरा ओवला. त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. “त्या साली उधानाला झडप वर कोनी ठेवली, त्ये इचारलं व्हतं का कोनी मना? बैठकीत बसवलं आनी सांगितलं. इचारलं असतं तं बोललो असतो. मीच ठेवली व्हती, पिलांसाठी. वीतभर. रातच्याला येऊन खाली टाकनार व्हतो, डोला लागला.” तो थांबला. “चालीस घरांचं भात गेलं, दयाराम. खारं पानी मी आत घेतलं, मंग गोडं बाहेर काडायला कोनी यायचं? बराबर झालं. आता पुन्ना कशाला त्यो हिशोब उकरतोस?”

 दयारामने मोरूच्या मांडीवरच्या जाळ्याचं टोक हातात घेतलं आणि ते ताणून धरलं, म्हणजे मोरूला गाठ मारता यावी.

नूतन उठली तेव्हा मोरूने तिला थांबवलं.

“बाय, मोटर मातुर दोन मानसांची घे.”

केसरने पैसे घेतले नाहीत, म्हणून नूतनने बरणीतले तिळाचे लाडू विकत घेतले आणि त्यांचे पैसे घ्यायला लावले. गाडीपर्यंत पोचवायला केसर बाहेर आली. ऊन फार होतं. तिने पदर डोक्यावर घेतला होता. म्हणाली, की त्या दिवशी बाबा घरी आला तेव्हा दोन्ही तळहातांची साल निघालेली होती. मीच हळद लावली. विचारलं तर म्हणाला, दोर लागला. मी म्हटलं, कसला दोर, आपल्याला कोण दोर धरायला बोलावतंय. तिने गाडीच्या टपावर हात ठेवला, चटका बसला तसा उचलला.

“पुढच्या खेपेला राहायला ये,” ती म्हणाली. नूतनने मान हलवली. तिला विहिरीवरचं बोलायचं होतं, पण केसरनेच गाडीचं दार लावलं आणि काचेतून हसली.

येताना दयाराम सगळी वाट जागा होता. साळाव मागे पडल्यावर तो म्हणाला, “त्यो न्हाय बोलला.”

“हो.”

“मंग माजा शब्द ऱ्हायला का मोडला?”

नूतनने गिअर बदलला.

बैठक रविवारी पाचला होती, देवळाच्या सभामंडपात. पंचवीस-तीस माणसं आली होती, त्यात दहाएक बायका. गणराजने सतरंजी टाकून घेतली होती. त्याच्या उरणला कंटेनरच्या गाड्या होत्या, सहा दिवस तो तिकडे असायचा, पण गावच्या कामाला रविवार राखून ठेवायचा. माणूस मनाने चांगला होता आणि ही मोटर मंजूर करून आणायला तो वर्षभर झिजला होता. नामा पाटील मागच्या खांबाला टेकून बसले होते. पंच्याऐंशीच्या घरात होते. बैठकींना यायचे, बोलायचे नाहीत.

नूतनने उभं राहून हिशोब सांगितला. काट्यावर पंधरा किलोची ओढ आली ती कशी, पूर आला तर ती एक्केचाळीस होते ती का, मोटरीचे पाच गिअरबॉक्समधून एकशे चाळीस कसे होतात आणि ते वीसने कमी कसे पडतात. दोन एचपी घेतली तर दोनशे ऐंशी मिळतात. तिने मोरूचं नाव घेतलं नाही. तो शब्द तिचा नव्हता. लोकांनी नीट ऐकलं. मागून एकाने विचारलं, की पुन्हा अर्ज करायचा तर मोटर कधी येणार. नूतन म्हणाली, पुढच्या वर्षी. मग या पावसाळ्यात चाक कोण फिरवणार, अशी कुजबूज झाली, कारण दयारामचा खांदा सगळ्यांना दिसत होता.

गणराजने हात वर करून कुजबूज थांबवली.

“ताई, तुझा अभ्यास आहे, मी नाही म्हणत नाही. पण हा दाब कागदावरचा आहे. आणि आपल्याकडे बघितलेली गोष्ट आहे. पुरात दयारामकाकांनी एकट्यानं उघडली. एका माणसाला जे जमलं ते एक एचपीला जमणार नाही, हे मी लोकांना कसं सांगू?”

काही जण हसले, दयारामकडे बघून, प्रेमाने. दयाराम सतरंजीच्या कडेला बसला होता. डावा हात टेकून तो उठला. उठायला वेळ लागला, तोवर हसणं विरलं.

“एकट्यानं न्हवती उघडली,” तो म्हणाला. “दोगं व्हतो.”

सभामंडपात वरचा पंखा तेवढा फिरत होता. नूतनने वही मिटली.  गणराजने एकदा लोकांकडे बघितलं, मग दयारामकडे. त्याचा आवाज खाली आला होता.

“दुसरा कोण होता, काका?”

दयारामने ओठ ओले केले. खिशातला हात त्याने बाहेर काढला होता, आणि तो नुसताच खाली लोंबत होता.

“मोरू,” मागून कोणीतरी म्हणालं.

सगळे वळले. नामा पाटील खांबाला टेकून बसले होते तसेच होते. त्यांनी चष्मा काढला होता आणि धोतराच्या सोग्याने ते काचा पुसत होते. गणराज वडिलांकडे बघतच राहिला. तुम्हाला कसं ठाऊक, असं त्यांना कोणीही विचारलं नाही.

“लिव, गणराज,” ते चष्म्याकडे बघत म्हणाले. “दोनाचा अर्ज लिव.”

गणराजने कागद पुढे ओढला. दयाराम अजून उभाच होता.